अपूर्वाई सरल्यानंतर : डर्व्ला मर्फी यांचे दक्षिण भारतवर्णन

१

परकीयाने भारताविषयी लिहिलेले प्रवासवर्णन हाती आले म्हणजे भारतीय वाचक बहुधा दोहोंपैकी एका रीतीने त्याचा परामर्श घेतो. ग्रंथात देशाची स्तुती असेल, तर तो प्रशस्तिपत्रासारखा जपून ठेवावयाचा. निंदा असेल, तर तिचे खंडन करावयाचे. कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ (१९२७) या पुस्तकाने जो क्षोभ उसळला, त्यानंतर दुसरी रीत विशेष दृढ झाली. तो क्षोभ अकारण नव्हता. परंतु वाङ्मयविचाराच्या दृष्टीने दोन्ही रीतींत एकच उणीव आहे : दोन्ही ग्रंथाचा निकाल तेवढा पाहतात, त्या निकालापर्यंत लेखक कोणत्या वाटेने पोहोचला, हे पाहत नाहीत.

प्रथमच एखाद्या देशात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाजवळ त्या देशाचे ज्ञान नसते, भाषा नसते, आप्तेष्ट नसतात. त्याचे एकमेव भांडवल म्हणजे नवलाई. या वृत्तीसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि पु. ल. देशपांडे यांनी १९६० मध्ये आपल्या पाश्चात्त्य देशांच्या प्रवासवर्णनाला तोच नावादाखल दिला : ‘अपूर्वाई’. पूर्वी न पाहिलेले पाहण्याचा हा आनंद खरा असतो; त्याचे आयुष्य मात्र अल्प असते. दहावे देऊळ पाहताना पहिल्या देवळाचा विस्मय उरत नाही. तेव्हा प्रवासवर्णनाची खरी परीक्षा अपूर्वाई किती उत्कट आहे यावर होत नाही. ती सरल्यावर लेखक काय करतो, यावर होते. दक्षिण भारताविषयीच्या काही पाश्चात्त्य ग्रंथांना, आणि विशेषतः आयरिश लेखिका डर्व्ला मर्फी (१९३१–२०२२) यांच्या ‘ऑन ए शूस्ट्रिंग टु कूर्ग’ (१९७६) या ग्रंथाला, ही कसोटी लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

२

पहिली वाट अपूर्वाई सतत ताजी ठेवण्याची. फ्रेंच नौदलातील अधिकारी व कादंबरीकार प्येर लोती हे १८९९–१९०० मध्ये भारतात हिंडले आणि १९०३ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थच ‘इंग्रजांवाचून भारत’ असा आहे. त्रावणकोरच्या महाराजांचे आतिथ्य, खाजणांतून वल्ह्यांच्या नावेने केलेला कोचीनकडील प्रवास, मदुरा आणि श्रीरंगम येथील गोपुरे, पाँडिचेरीतील जुनी फ्रेंच वसाहत, अशी एकामागून एक चित्रे लोती उभी करतात. ती मनोहर आहेत, यात शंका नाही. परंतु विस्मय ओसरू लागतो न लागतो तोच प्रवासी पुढच्या गावी निघतो. शिवाय या चित्रांतून इंग्रजांना वगळण्याची प्रतिज्ञा लेखकाने प्रारंभीच केलेली आहे. ज्या काळी त्रावणकोरच्या दरबारीही ब्रिटिश रेसिडेंट बसत असे, त्या काळच्या भारतातून इंग्रज वगळणे म्हणजे वास्तवातून स्वप्नापुरता भाग कापून घेणे होय. राजपुतान्यातील दुष्काळाचे दर्शन घडते, तेव्हा या स्वप्नाला तडा जातो. ग्रंथातील ती प्रकरणे म्हणूनच अधिक टिकाऊ वाटतात.

दुसरी वाट अपूर्वाईचे सूत्र बनविण्याची. आल्बेर्तो मोराव्हिया आणि प्येर पाओलो पासोलिनी हे दोन इटालियन लेखक १९६१ च्या प्रारंभी भारतात बरोबरीने हिंडले. कादंबरीकर्त्री एल्सा मोरांते याही प्रवासात त्यांना येऊन मिळाल्या. दोघांचीही पुस्तके १९६२ मध्ये निघाली. मोराव्हियांच्या पुस्तकाच्या नावात भारताची ‘कल्पना’ आहे, पासोलिनींच्या नावात भारताचा ‘गंध’. एकच देश आणि एकच प्रवास; एकाने त्यातून विचार काढला, दुसऱ्याने इंद्रियसंवेदना. या दोन पुस्तकांच्या तुलनेने एक गोष्ट स्पष्ट होते : पहिल्या भेटीत प्रवासी जे पाहतो, त्याचा मोठा अंश त्याने घरूनच आणलेला असतो. पासोलिनींच्या पुस्तकात कोचीनमधील एका निराधार मुलाची हकीकत आहे. त्या मुलाची काही सोय लावून देण्याची धडपड करताना निरीक्षकाचा क्षणभर संबंधी होतो. आणि तेवढ्यापुरता गंधही मागे पडून माणूस पुढे येतो. परंतु प्रवासाचा कार्यक्रम आखलेला असल्यामुळे तो क्षण वाढू शकत नाही.

३

मर्फी यांची वाट तिसरी आहे. भारत त्यांना सर्वस्वी नवा नव्हता. १९६३ मध्ये त्या आयर्लंडहून निघून सायकलीने दिल्लीपर्यंत आल्या होत्या. त्या प्रवासावरील ‘फुल टिल्ट’ (१९६५) हे त्यांचे पहिले पुस्तक. पुढे काही काळ त्यांनी तिबेटी निर्वासित मुलांच्या शुश्रूषेचे कामही केले. विंध्याच्या दक्षिणेचा प्रदेश मात्र त्यांना अपरिचित होता. १९७३ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा सोबत त्यांची कन्या होती. तिला पाच वर्षे पुरी व्हावयाची होती. पैसा बेताचा, सामान पाठीवर वाहता येईल एवढेच, आणि निश्चित आखणी जवळजवळ नाहीच, अशा स्थितीत मायलेकी गच्च भरलेल्या बसगाड्यांतून, नावांतून आणि पायी, साध्या खाणावळींत उतरत कन्याकुमारीपर्यंत गेल्या.

ग्रंथाची रचना रोजनिशीची आहे. रोजनिशीत लेखकाला कालचे मत आज बदलता येते, आणि वाचकाला तो बदल दिसतो. प्रथमदृष्टीची चूक झाकली जात नाही. या रूपाचा लाभ पूर्वार्धात विशेष जाणवतो. गोव्यात लेखिकेला हिप्पी भेटतात, मुंडगोड येथे तिबेटी वसाहत दिसते, कोचीनला कथकली पाहावयास मिळते, मदुरेत ज्वर आडवा येतो, पेरियारचे अभयारण्य घडते. हा भाग चटपटीत असला, तरी प्रवासवर्णनाच्या नेहमीच्या मार्गानेच जातो.

ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे ते परतण्यात. कन्याकुमारी हे भूमीचे टोक गाठले म्हणजे दक्षिणेचा प्रवासी सामान्यतः समाप्ती करतो. मर्फी मात्र वाटेत आवडलेल्या कोडगूकडे, म्हणजे इंग्रजी अमदानीतील कूर्गकडे, परत येतात आणि तेथे दोन महिने बिऱ्हाड करतात. मग ग्रंथाचा विषयच पालटतो. पूर्वार्धातील प्रकरणांवर गावांची नावे होती. उत्तरार्धात नामकरण, विवाह आणि रानातील अंत्यसंस्कार हे विषय होतात. नकाशा मिटतो आणि कुटुंब उघडते. पुढे पुढे जाणारा प्रवासी माणसांची वैशिष्ट्ये टिपू शकतो; त्यांच्या घरातले जन्म आणि मृत्यू ज्याच्या दारावरून जातात, त्याला त्यांचा क्रम कळू लागतो. कोडव समाजाची ‘ओक्का’ ही कुलव्यवस्था, कुलाचे मूळ घर असलेले ‘ऐनमने’, पूर्वजांची आराधना, ब्राह्मण पुरोहितावाचून होणारे विवाह, आणि नवान्नाचा ‘हुत्तरी’ सण या गोष्टी एका भेटीत पाहता येतात. परंतु त्या एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत, हे मुक्कामावाचून उमजत नाही.

या मुक्कामात मुलीचे स्थानही महत्त्वाचे आहे. एकटा प्रवासी पाहणारा असतो. मूल बरोबर घेऊन आलेली स्त्री स्वतःच पाहिली जाते. तिची चौकशी होते, तिला उपदेश केला जातो, तिच्या मुलाला खाऊ मिळतो. अपत्यासह आलेला परका मनुष्य आपल्या भलेपणावर विश्वास ठेवतो, हे यजमान समाजाला न बोलता कळते. शिवाय मुलीला तुलनेची सवय नाही. आई आयर्लंड आठवून जेथे विस्मित होते, तेथे मुलीच्या लेखी सारेच जग सारखे नवे, म्हणून सारखेच स्वाभाविक असते.

४

या गुणांमुळे ग्रंथाच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे मात्र इष्ट नाही. मुक्काम केला हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोठे आणि कोणाच्या सोबतीने केला, हेही महत्त्वाचे आहे. कोडगूचे राज्य १८३४ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले. तेथील कॉफीचे मळे, सैन्यातील सेवेची परंपरा, शिकार, क्लब, मद्यमांसाचा मोकळा व्यवहार आणि इंग्रजी भाषेचा प्रसार यांमुळे युरोपीय पाहुण्याला हा डोंगरी जिल्हा दक्षिणेतील अन्य प्रदेशांहून सोपा वाटतो. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा आणि पुढे सेनाप्रमुख झालेले थिमय्या हे दोघेही याच भूमीतले. मर्फी यांना कोडगू अतिशय आवडला, त्याचे एक कारण तो सर्वांत निराळा होता हे. आणि दुसरे, तो सर्वांत कमी परका होता हे. पहिले कारण ग्रंथात उघड आहे, दुसरे वाचकाला ओळखून घ्यावे लागते.

याच ठिकाणी भाषेचा प्रश्न येतो. लेखिकेला कन्नड वा कोडव भाषा अवगत नाही. साहजिकच दीर्घ संभाषण होते ते इंग्रजी जाणणाऱ्यांशी, म्हणजे बहुधा जमीनदार व सुशिक्षित वर्गाशी. कोडगूच्या मळ्यांत आणि भातशेतांत राबणारे येरव, कुरुब इत्यादी लोक या संभाषणात बरोबरीने बसू शकत नाहीत. येरव समाजातील अनेक कुटुंबांचा वेठबिगारीचा इतिहास प्रदीर्घ आहे. आणि वेठबिगारी नष्ट करणारा कायदा भारताच्या संसदेने केला तो १९७६ मध्ये, म्हणजे हे पुस्तक निघाले त्याच वर्षी. जातिव्यवस्थेचा विचार मर्फी टाळीत नाहीत. कोडगूतील जातींवर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले आहे. तथापि विचार करणे निराळे आणि ज्याच्याविषयी विचार करावयाचा त्याच्या तोंडून ऐकणे निराळे. यजमानाच्या ओसरीवरून दिसणारे शेत खरे असते. परंतु ते शेतातून दिसणारे शेत नसते.

५

असे असताही या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. उलट ते नेमके कशात आहे, हे कळते. लोतींच्या चित्रांतील उणीव दाखवावयास वाचकाला ग्रंथाबाहेरचा इतिहास आणावा लागतो. मर्फी यांच्या ग्रंथातील उणीव बऱ्याच अंशी ग्रंथातूनच दाखविता येते. कारण कोणाच्या घरी राहिले, काय खाल्ले, कोण काय म्हणाले, याची नोंद रोजनिशीत झालेली आहे. आपल्या दृष्टीची जागा जो लेखक उघड करतो, तो वाचकाच्या हाती स्वतःच्या परीक्षेचे साधनही देतो. प्रवासवर्णनाची प्रामाणिकता म्हणतात ती हीच.

ही कसोटी परकीयांपुरती राखून ठेवता येणार नाही. पंडिता रमाबाई यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावात ‘लोकस्थिती’ हा शब्द आधी आणि ‘प्रवासवृत्त’ हा नंतर आहे. हा क्रम अर्थपूर्ण मानावयास हवा. प्रवासाने लोक दिसतात, वास्तव्याने लोकस्थिती कळते. मराठीतील विपुल प्रवासवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने लंडन, टोकियो वा न्यूयॉर्क पाहून आलेल्या मराठी लेखकालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत : अपूर्वाई कोठे सरली? त्यानंतर लेखक थांबला की पुढच्या गावी निघाला? थांबला असेल, तर कोणाच्या ओसरीवर? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे स्तुती आणि निंदा यांचा हिशेब मांडण्याचे कारण उरणार नाही.