कोरड्या भट्टीतील निर्वाळा

सिलिकॉन कार्बाइडचे तंतुयुक्त संमिश्र निकेलच्या मिश्रधातूपेक्षा वजनाला सुमारे एकतृतीयांश असते. २०१६ मध्ये लीप एंजिनातील टर्बाइनच्या पात्यांभोवतीच्या कड्याच्या रूपाने ते प्रवासी विमानसेवेत दाखल झाले. सिरॅमिक गंजत नाही, हा त्यामागील विश्वास मात्र तपासून घेण्याजोगा आहे.

कोरड्या प्राणवायूत या द्रव्यावर सिलिकेचा पातळ थर चढतो व तोच त्याचे रक्षण करतो. एंजिनातील ज्वलनवायूंत मात्र शेकडा ५ ते १० पाण्याची वाफ असते. ती सिलिकेशी संयोग पावून वायुरूप सिलिकॉन हायड्रॉक्साइड बनवते. वेगवान प्रवाह ते वाहून नेतो आणि भागाची जाडीच घटत जाते. नासाच्या क्लीव्हलँड येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात हे दाखवून दिल्यावरही केवळ कोरड्या हवेतील वजनवाढीचे आलेख टिकाऊपणाचा पुरावा म्हणून मांडणे, हा शास्त्रीय आळसच होय.

इटर्बियम सिलिकेटच्या लेपाने उत्तर मिळाले खरे, परंतु अर्धेच. त्याखालील सिलिकॉनचा जोडथर १,४१४ अंश सेल्सिअसला वितळतो. शिवाय हवेतील वाळू व ज्वालामुखीची राख (प्रयोगशाळेत धूळ नसते!) सुमारे १,२०० अंशांवर वितळून काचेसारखी लेपात शिरते. वाफेची कसोटी एका भट्टीत, राखेची दुसरीत आणि ताणाची तिसऱ्याच यंत्रावर घेऊन निष्कर्षांची बेरीज करता येत नाही. वाफेने सिलिका हरवून सच्छिद्र झालेल्या लेपात राख किती खोल जाते, हे तिन्ही एकत्र आणल्याविना कळणार नाही.