ओळखीचा पहिला प्रश्न

अनोळखी माणसांनी भरलेल्या मेजवानीत अथवा स्वागतसमारंभात सहजपणे कसे वावरावे, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित वर्गास बराच छळतो असे दिसते. या विषयावरील उपदेशपर ग्रंथांची परंपरा जुनी आहे. डेल कार्नेगी या अमेरिकन लेखकाने लोक जोडण्याची विद्या सांगणारे आपले प्रसिद्ध पुस्तक १९३६ साली लिहिले. समोरच्या माणसात मनापासून रस घ्या, त्याचे नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या, हे त्याचे सांगणे. ते खोटे आहे असे कोण म्हणेल? परंतु त्याच्या बुडाशी एक समजूत आहे, ती आम्हांस तपासून पाहावीशी वाटते. परक्याशी बोलण्याचा धीटपणा हा व्यक्तीचा गुण असून ज्याच्यापाशी तो नाही त्याने तो कमवावा, अशी ती समजूत होय. आमच्या मते तो जितका माणसाचा गुण, त्याहून अधिक समारंभाच्या घडणीचा गुण आहे. पेडणे आणि डिचोली या महालांतील जुन्या मेळाव्यांकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते.

पेडण्याकडे जत्रेच्या दिवसांत देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक चालते. शेजारच्या गावांहून आलेली माणसे मांडीला मांडी लावून बसतात. संकासुराच्या बोलण्यावर दोघे एकदम हसले, की त्यांच्यात बोलणे सुरू होते. कोणी कोणाची ओळख करून द्यावी लागत नाही. पौषात बायकांचे धालो मांडावर रंगतात. समोरासमोर दोन ओळी, गाणे आणि पावलांचा ठेका. नुकतीच सासरी आलेली मुलगी त्या ओळीत उभी राहिली म्हणजे तिला जागा मिळते आणि पुढे काय करायचे तेही कळते. डिचोली महालात शिरगावी वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. निरनिराळ्या गावांचे धोंड हाती वेताची काठी घेऊन येतात, व्रत पाळतात आणि होमकुंडातून जातात. त्या व्रताच्या बळावर परकी माणसे एकमेकांची सोबती होतात.

या सर्वांत एक सूत्र आहे. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तिसरी एखादी गोष्ट असते आणि दोघांचीही दृष्टी तिच्यावर असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कथेत एस. टी. खाली म्हैस सापडते आणि गाडीतील सारे उतारू बोलू लागतात. विनोद बाजूस ठेवला तरी ते एक अचूक समाजनिरीक्षण आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९१० साली फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात निखळ सहवासाला एक खेळ मानले आणि त्या खेळात शिरताना प्रत्येकाने आपला हुद्दा व संपत्ती बाहेर ठेवावी लागते असे प्रतिपादन केले. आमचा मांड पाहिला असता तर तो संतोष पावला असता, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु तो मोह आवरला पाहिजे. कारण आमच्या गावी तिसऱ्या गोष्टीच्या पाठोपाठ पहिला प्रश्न येतो: "तूं खंयचो? कोणालो?" हा प्रश्न आपुलकीचा आहे असे आपण मानतो आणि पुष्कळदा तो असतोही. पण गाव, आडनाव आणि कुलदेव अशी तीन उत्तरे मिळाली, की विचारणाराच्या हाती जात येते. आडनावाने काम भागले नाही तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नाईक हे आडनाव गोव्यात अनेक जातींत आहे, म्हणून "कुठचे नाईक?" असे विचारावे लागते. ज्याचे उत्तर सोयीचे, तो सभेत धीट ठरतो. ज्याचे उत्तर गैरसोयीचे, तो कोपरा धरतो आणि आपण त्याला भिडस्त म्हणतो. राजाराम रंगाजी पैंगीणकर कलावंत समाजात जन्मले आणि त्या समाजाच्या उन्नतीसाठी झटले. त्यांच्या १९६९ सालच्या आत्मचरित्राचे नाव 'मी कोण?' असे आहे. चारचौघांत दुसऱ्याने विचारायचा प्रश्न एका माणसाला जन्मभर स्वतःस विचारावा लागला, हे त्या दोन शब्दांत आम्हांस वाचायला मिळते. अशा माणसाला हसतमुख राहण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टाच.

आता आजचा स्वागतसमारंभ पाहा. सभागृह भाड्याचे. व्यासपीठापुढे रांग लावायची, पाकीट द्यायचे, छायाचित्र काढून घ्यायचे आणि हातात ताटली घेऊन उभ्याने जेवायचे. वाद्यवृंद इतका मोठ्याने वाजतो की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. पाहुण्याला करण्यासारखे काम नाही आणि दोघांनी मिळून पाहावे असेही काही नाही. जुन्या मेळाव्यातील जे चांगले, ते आपण टाकले. "कुठचे नाईक?" मात्र टाकले नाही. याच्या उलट प्रकार पेडण्याच्या किनाऱ्यावर दिसतो. हरमलच्या वाळूत सूर्यास्ताच्या वेळी देशोदेशींची माणसे ढोल बडवीत जमतात आणि कोणी कोणाचे कूळ विचारीत नाही. मात्र अशा किनारी मेजवान्यांत गावकरी पाहुणा म्हणून फारसा दिसत नाही. तो खुर्च्या मांडताना आणि पेले उचलताना दिसतो. जातीचा प्रश्न गेला आणि पैशाचा आला, याला आम्ही मोकळेपणा म्हणणार नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला आहे. तेव्हा परक्याशी गाठ पडण्याचे प्रसंग पेडण्यात वाढतच जाणार.

शिकागो येथील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की आगगाडीत अनोळखी सहप्रवाशाशी बोलणे कंटाळवाणे होईल असे ज्यांना वाटे, त्यांचाच प्रवास बोलल्यामुळे अधिक सुखाचा झाला. भीती बहुधा वस्तुस्थितीहून मोठी असते, हे मान्य. परंतु आगगाडीतील बोलणे उतरल्यावर संपते, आणि गोव्यात दिलेले उत्तर गावभर फिरते. हा भेद विसरून चालणार नाही.

म्हणून आमची अपेक्षा पाहुण्यापेक्षा यजमानाकडून अधिक आहे. त्याने पाहुण्यांना काही काम द्यावे. पाने मांडावीत, पंगतीत वाढायला लावावे, भजनाला बसवावे, निदान वाद्यांचा आवाज उतरवावा. आणि आपण सर्वांनी समोर जे आहे तेथून आरंभ करावा: वाढलेली खतखते, चाललेले गाणे, वाटेतला पाऊस. कोकणीत 'तूं' म्हणावे की मराठीत 'आपण', याची चिंता करू नये. समोरचा ज्या भाषेत सुखावेल तीत बोलावे. आडनाव त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे, आणि "कुठचे?" हा पुढचा प्रश्न गिळावा. तो गिळायला जे धैर्य लागते, त्यालाच आम्ही सभाधीटपणा म्हणू.