एका वेलीचे दोन भोपळे

बंद पडलेला संगीत महोत्सव पुन्हा भरला की पेपरवाले हमखास एक शब्द वापरतात : पुनरुज्जीवन. म्हंजे मेलेलं जिवंत केलं. मित्रांनो, हा शब्द आपण तपासून घेतला पाहिजे. कुणाचं थांबणं मरण म्हणून मोजलं जातं, आणि कुणाचं जगणंसुद्धा मोजणीत येत नाही, ते या एका शब्दात कळतं.

औरंगाबादचा वेरूळ-अजिंठा महोत्सव घ्या. आधी तो वेरूळच्या कैलास लेण्यापुढं व्हायचा, पुढं शहरात सोनेरी महालाच्या आवारात आला. २०१६ नंतर खंड पडला. २५ ते २७ फेब्रुवारी २०२३ या तीन दिवसांत तो पुन्हा भरला. आदल्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, केंद्र सरकारनं शहराचं नाव बदलायला मंजुरी दिली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. या शहरात नावाची किंमत काय असते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधे सोळा वर्षं, जळलेल्या वस्त्या आणि गेलेली माणसं. सोनेरी महाल त्याच विद्यापीठाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे.

आधी एक सांगून टाकतो. आपलं भांडण सुरांशी नाही. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. मी स्वतः साच्यावर काम करतो. पाळी संपली तरी खडखडाट कानात चालूच राहतो. खोलीवर येऊन मोबाईलवर किशोरी आमोणकरांचा भूप लावतो. एखादा स्वर त्या अशा काही ठेवतात की डोक्यातले साचे एकेक करून बंद पडतात. हे सुख मी कुणाच्या बापाला विचारून घेत नाही. ते माझं आहे.

भांडण आहे ते मांडणीशी. महोत्सवाचं नाव लेण्यांवरून. अजिंठ्याची सगळी लेणी बौद्ध. वेरूळच्या चौतीस लेण्यांतली पहिली बारा बौद्ध. म्हंजे नावातला मोठा वाटा आपल्या पूर्वजांच्या धम्माचा. पण तेवढ्यावर थांबू नका. सोनेरी महालामागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत, तीही बौद्ध. त्यातल्या सातव्या लेण्यात एक नाचणारी बाई कोरलेली आहे आणि तिच्याभोवती वाद्यं घेऊन बसलेल्या बाया. बुद्धाच्या लेण्यात नाच आणि वाजवणं दगडात कोरून ठेवलंय. संगीत देवळात जन्मलं असं जे आपल्याला पढवलं जातं, त्याला हे लेणं एक उत्तर आहे. महोत्सवाला येणाऱ्या रसिकाला ते आधी दाखवा, मग पडदा उघडा.

आता 'शास्त्रीय' हा शब्द. तो ऐकला की आपला पोरगा आपोआप मागच्या रांगेत जाऊन बसतो, जसं काही हे गाणं वेदाबरोबर आभाळातून पडलं. तसं काही नाही. हे गाणं पिढ्यान् पिढ्या उस्तादांच्या आणि बायांच्या गळ्यात होतं. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी चिजा गोळा करून छापल्या, १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरवली. त्यांचे कष्ट खोटे नाहीत. छापलं गेलं म्हणून ते आपल्यालाही वाचता आलं. पण गाणं शाळेत आलं तसं ते पांढरपेशा घरात गेलं, आणि ज्या बायांनी ते सांभाळलं त्यांना 'चांगल्या' घराचा उंबरा बंद झाला. गळा आधी होता, शास्त्र मागून आलं. मग ज्या गळ्याचं शास्त्र कुणी लिहिलंच नाही त्याला 'लोक' म्हणून बाजूला बसवलं.

इथं मी माझ्या गावाकडं येतो. माझं गाव वावर, तालुका जव्हार. पूर्वी ठाणे जिल्ह्यात, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरात. तुम्ही हे नाव ऐकलं असेल तर वावर-वांगणी असं जोडीनं ऐकलं असेल. १९९२ साली तिथं आदिवासींची लेकरं कुपोषणानं आणि आजारानं मेली तेव्हा ते पेपरात आलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. बाहेरच्यांना आमची ओळख तेवढीच.

पण जव्हार-मोखाड्यात भात तयार व्हायला लागलं की तारपा वाजतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढं ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. वाजवणारा मधे. बाया-बापे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. चाल बदलली की पाय बदलतात, कुणी तोंडानं सांगत नाही. तारप्याकडं पाठ फिरवायची नाही हा नियम. मला सांगा, दमसास आहे, चालींचा साठा आहे, नियम आहे, गुरूकडून शिकणं आहे. शास्त्र म्हणायला आणखी काय लागतं? फक्त शिक्का.

आणि गंमत बघा. सतार आणि तंबोराही भोपळ्याचाच. मिरजेला तो घडतो. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथं वाद्यं करायला लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण एका वेलीच्या दोन भोपळ्यांतला एक गादीवर बसतो आणि दुसरा सरकारी पाहुण्याच्या मोटारीपुढं नाचत जातो. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांतला तारप्याचा फेर आज हॉटेलांच्या भिंतीवर आणि कपबशीवर आहे. चित्र चालतं. आवाज मात्र दहा मिनिटांत आवरायला सांगतात. वाळवंड्याचे वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आता त्यांच्या वाद्याला अख्खी रात्र द्यायला कुणाची हरकत असेल?

वाद्य करणाऱ्याचा सवाल त्याच्याही पुढचा. तबल्याची पुडी कातड्याची, वादी कातड्याची. कातड्याला हात लावणाऱ्याला विटाळ, कातड्यावर थाप मारणाऱ्याला पंडित. दक्षिणेत टी. एम. कृष्णा या गायकानं मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. २०२० साली त्याच्या प्रकाशनाला चेन्नईच्या कलाक्षेत्रानं दिलेलं सभागृह ऐनवेळी नाकारलं. तिथं मृदंग चालतो, मृदंगाची हकीकत चालत नाही.

आपल्यालाही ऐकावं लागेल. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी ही आपली परंपरा. ती गावोगाव पायी फिरली, तिला कुणाचं अनुदान नव्हतं. आज जयंतीला भिंतीएवढे स्पीकर लावून आपण तिचाच आवाज दाबतो. आणि आदिवासी भाऊ शेजारी असताना तारप्याची एक चालसुद्धा आपल्याला ओळखू येत नाही. हे काम महोत्सववाले करणार नाहीत, आपणच करायचं.

म्हणून पुढचा महोत्सव तुमच्या शहरात भरेल तेव्हा बहिष्काराची घाई करू नका. आत जा, तिकीट असेल तर काढा, पुढच्या रांगेत बसा, मन लावून ऐका. मध्यंतरात आयोजकाला तीन गोष्टी विचारा. वाद्यं कुणी केली, त्यांची नावं पत्रिकेवर का नाहीत? तारपा, संबळ, हलगी यांना पूर्ण मैफल कधी देणार? कलाकार निवडणाऱ्या समितीत कोण कोण बसतं? उत्तर मिळेल ते तारीख घालून लिहून घ्या आणि आपल्या अंकाकडं धाडा. आम्ही छापू.

जयभीम.