शंभर पीपीएमचा आलेख

ईलिंगला अक्सब्रिज रोडवर २०७ नंबरच्या बसची वाट बघत उभे असाल, तर एक आकडा डोक्यात ठेवा. नायट्रोजन डायऑक्साइडची ब्रिटनमधली वार्षिक मर्यादा आहे ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण २१ पीपीबी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १०, म्हणजे जेमतेम ५ पीपीबी. आता या वायूच्या ‘अतिसंवेदनशील’ सेन्सरवरचे चार-पाच पेपर उघडा आणि थेट शेवटच्या आलेखाकडे जा. तिथे बऱ्याचदा १०० पीपीएम दिसेल. म्हणजे रस्त्यावरच्या मर्यादेच्या जवळपास पाच हजार पट! एवढ्या वायूत सेन्सर नसला तरी तुमचं नाक आणि घसा काय ते सांगतीलच.

मी हे बाहेरून बोलत नाहीये. माझ्या प्रबंधातही असाच आलेख आहे.

खरं तर या विषयात आपल्याकडे अभिमान वाटावा असं काम झालंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिस आणि सिलार या पद्धतींवर, तर अमळनेरच्या प्रताप कॉलेजात गॅस सेन्सरवर. तापलेल्या काचेवर क्षाराच्या द्रावणाचा फवारा मारायचा, पाणी उडून जातं, ऑक्साइडचा थर उरतो. सिलारमध्ये तर काचपट्टी आळीपाळीने बीकरमध्ये बुडवायची. महागडं व्हॅक्यूम यंत्र लागत नाही. प्रा. पी. एस. पाटील यांचा स्प्रे पायरोलिसिसवरचा १९९९चा आढावा आजही वाचा. तिथे पद्धत हाच विषय आहे, उपयोगाचं शेपूट उगाच जोडलेलं नाही.

माझी तक्रार त्या शेपटाबद्दल आहे. एक्स-रे, सूक्ष्मदर्शक, जाडी, सगळं नीट मोजायचं आणि शेवटी ‘उपयोग’ हवा म्हणून सिलिंडरमधल्या कोरड्या वायूत फिल्म धरायची. टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसतो, इलेक्ट्रॉन अडकवतो; नायट्रोजन डायऑक्साइड आणखी ओढून घेतो, रोध वाढतो. छान. पण पाण्याची वाफही त्याच पृष्ठभागावर जागा धरते. कोरड्या हवेतल्या आलेखात हे भांडण दिसतच नाही, आणि लंडनमध्ये कोरडी हवा आणणार कुठून?

अर्थात १०० पीपीएम प्रत्येक वेळी हास्यास्पद नसतं. अमोनियाची इथली आठ तासांची कामाच्या ठिकाणची मर्यादा २५ पीपीएम आहे. शीतगृहातल्या गळतीसाठी १०० हा आकडा अगदी योग्य. म्हणून मला विचारायचंय ते एवढंच: कुठला वायू, कुठे, किती? हे तीन शब्द प्रस्तावनेत असते तर अर्धे पेपर वेगळे लिहिले गेले असते. (रिव्ह्यू करणारेही हे विचारत नाहीत, मीही कित्येकदा विचारलं नाही.)

गेल्या फेब्रुवारीत मी माझी एक फिल्म हीटरसकट इथल्या बाल्कनीत आठवडाभर ठेवली. पाऊस आला की रोध घसरायचा, ऊन पडलं की चढायचा. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती की रस्ता रिकामा होता, हे त्या रेघेवरून मला एकदाही ओळखता आलं नाही.