‘फ्रीआरटीओएस’मधील एका संज्ञेचा विचार

रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास रचलेली ‘फ्रीआरटीओएस’ ही लघु कार्यप्रणाली नव्या प्रोसेसरवर नेताना गाभा तसाच राहतो. यंत्रालगतचा थर तेवढा पुन्हा लिहावा लागतो. कॉर्टेक्स-एम ३ वर कार्यबदलाच्या वेळी आठ रजिस्टरे प्रोसेसर स्वतः जतन करतो, आणखी आठ हा थर सांभाळतो. ही विभागणी निर्दोष होय.

उणीव आहे ती संज्ञेत. कार्यांत मोठा अंक म्हणजे वरचा अग्रक्रम. या प्रोसेसरच्या इंटरप्टांत मात्र लहान अंक श्रेष्ठ. दोहोंस नाव एकच, ‘प्रायॉरिटी’. अंक न नेमलेला इंटरप्ट शून्यावर, म्हणजे वरच्या स्थानी, राहतो. त्यातून प्रणालीची सेवा मागितल्यास तिच्या याद्या बिघडू शकतात. निर्मात्यांनी तसा इशारा दिला आहे खरा. परंतु त्याने संज्ञेचा दोष नाहीसा होत नाही. दोन कल्पनांस दोन नावे देणे अगत्याचे होते.