नकाशातलं वऱ्हाड आणि पैनगंगेची रेघ

पडद्यावर दिसतोय तो लंडनच्या जॉन टॅलिसच्या ॲटलासमधला 'ब्रिटिश इंडिया'चा नकाशा, १८५१च्या सुमाराचा. कोरणारा जॉन रॅपकिन. भोवती वेलबुट्टीची चौकट, कडेला छोटी छोटी चित्रं. देखणा आहे, म्हणून लोक फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. माझी तक्रार या देखणेपणाबद्दलच आहे.

जरा जवळून बघा. इथं दोन वेगळी कामं आहेत. नद्या, डोंगर, गावांची नावं धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली. हद्दींचा रंग मात्र छपाईनंतर कुंचल्यानं हातानं दिलेला. नदी बदलायची तर पत्रा ठोकून, घासून पुन्हा कोरावा लागतो. राज्य बदलायचं तर रंगाची वाटी बदलली की झालं!

हा नकाशा निघाला तेव्हा पैनगंगा ही नुसती नदी होती. दोन्ही काठ निजामाचे. १८५३मध्ये कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं आणि त्याच नदीची सरहद्द झाली. एका कर्जानं आखलेली ही रेघ. (नकाशात यवतमाळ जिल्हा शोधू नका बरं. आपला जिल्हाच पुढं १८६४चा, आणि १९०५पर्यंत त्याचं नाव वणीवरून, 'वून' असं होतं.)

आता रंगवणाऱ्याची अडचण बघा. वऱ्हाडवर कारभार इंग्रजांचा, पण मालकी निजामाचीच. १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तरी मालकी संपली नाही. १९३६च्या करारात ती पुन्हा मान्य केली आणि निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मालक एक, वहिवाटदार दुसरा, हे शेतीत आपल्याला चांगलं कळतं. सातबारावर त्यासाठी वेगळे रकाने असतात. नकाशावाल्याकडे तसा रंग नव्हता. त्यानं सहसा इंग्रजांचाच दिला.

त्याआधीची गंमत तर आणखी वेगळी. जेम्स रेनेलनं १७८२मध्ये 'हिंदोस्तान'चा नकाशा काढला, तेव्हा विभाग पाडले अकबराच्या सुभ्यांप्रमाणे. प्रत्यक्षात त्या काळी इथं दुअमली होती. निजामाचा माणूसही वसुलीला यायचा आणि नागपूरकर भोसल्यांचाही. त्यात इंग्रज त्या भोसल्यालाच 'बेरारचा राजा' म्हणत! १८०३च्या देवगावच्या तहानं दुअमली संपली. पण तोवर इथल्या एखाद्या पाटलाला विचारलं असतं, बाबा तुझं गाव कोणत्या रंगाचं, तर तो काय सांगणार?

तरी मला रेनेल टॅलिसपेक्षा मोठा वाटतो. अकबराचे सुभे आपण का घेतले, हे त्यानं सोबतच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्याच्याशी भांडता येतं. टॅलिसनं त्या जागी चित्रं दिली. चित्रांशी काय भांडणार?

बरं, ही रेघ पुढं मिटली का? वरच्या अंगाला माहूर घ्या. अकबराच्या वेळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. १८५३नंतर ते पलीकडे गेलं. १९५६मध्ये हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, नांदेड आणि वऱ्हाड दोन्ही मुंबई राज्यात आले. आज तिथं फक्त जिल्ह्याची हद्द उरलीय. आमची पुसदची, आर्णीची माणसं रेणुकेच्या दर्शनाला जाताना तिच्याकडे लक्षही देत नाहीत. पण खाली केळापूर-झरीच्या बाजूला या. पलीकडचं आदिलाबाद त्याच वेळी आंध्रात गेलं, आता तेलंगणात आहे. म्हणजे १८५३ची कर्जाची रेघ तिथं राज्याची सीमा होऊन बसली. कोलाम दोन्ही काठांवर आहेत, गोंड आहेत. मराठी-तेलुगूच्या वाटणीत त्यांची कोलामी, गोंडी कोणाच्या हिशेबात आली? टॅलिसच्या चित्रांत तर ती नाहीच.

जाता जाता एक. असा नकाशा विकत घेणार असाल तर रंग आधी तपासा. बिनरंगाच्या जुन्या छापांना व्यापारी आज रंग लावून विकतात, रंगीत नकाशाला भाव जास्त येतो म्हणून. १८५१च्या कागदावर आपलं वऱ्हाड कंपनीच्या रंगात दिसलं, तर समजा, तो कुंचला मागाहून फिरलाय.