'डोळा' आणि 'डोरा' : बाळबोलीच्या अभ्यासाविषयी काही विचार

'भूभू', 'माऊ', 'चिऊ', 'मम्मं', 'जोजो' हे शब्द प्रत्येक मराठी घरात रोज उच्चारले जातात. परंतु विद्वानांनी त्यांची दखल फार उशिरा घेतली. ज्या शब्दांनी माणूस भाषेच्या अंगणात पहिले पाऊल टाकतो, तेच अभ्यासाला क्षुल्लक वाटावेत, हे नवलच होय. ही उपेक्षा दूर करणारा एक महत्त्वाचा लेख डॉ. अशोक रा. केळकर यांनी १९६४ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ड' या नियतकालिकात इंग्रजीतून लिहिला. मराठी बाळबोली हाच त्याचा विषय. पुढे 'रुजुवात' या ग्रंथासाठी २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे केळकर (१९२९-२०१४) मराठी वाचकांस समीक्षक म्हणून परिचित आहेत. त्यांचा हा पंधरा पानांचा लेख मात्र आपल्याकडे फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. त्याचे मोल काय आणि मर्यादा कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लेखाचे पहिले मोल त्याच्या वृत्तीत आहे. बाळबोली ही मोडकीतोडकी मराठी नव्हे. तिचे स्वतःचे ध्वनी, स्वतःचा शब्दसंग्रह आणि स्वतःची रीत असते, हे गृहीत धरून केळकरांनी तिच्याकडे पाहिले. त्याच वर्षी अमेरिकन भाषाभ्यासक चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधील बाळबोलींची तुलना प्रसिद्ध केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची व गिल्याक यांच्या पंक्तीला तेथे मराठी बसली आहे. सोपी व्यंजने, अक्षरांची द्विरुक्ती, आणि अन्न, झोप, प्राणी, नातीगोती यांपुरते मर्यादित विषय ही लक्षणे दूरदूरच्या भाषांत सारखीच आढळली. ही बोली मूल निर्माण करत नाही. वडीलधारी माणसे ती परंपरेने पुढे देतात, हेही त्यातून ध्यानात आले. आजीने आईला म्हटलेला 'जोजो' आई आपल्या बाळाला म्हणते. बाळबोली हा खऱ्या अर्थाने घराण्याचा ठेवा आहे.

परंतु येथेच पहिली मर्यादाही दिसते. मोठी माणसे मुलाशी कशी बोलतात हे कळले, म्हणून मूल भाषा कशी शिकते हे कळले असे होत नाही. संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या पहिल्या भागात या प्रश्नाला हात घातला आहे. मोठी माणसे एखाद्या वस्तूचे नाव घेत तिच्याकडे वळत, त्या हावभावांवरून आपण शब्दांचे अर्थ ताडले, असे ते सांगतात. विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच उताऱ्याने सुरू होतो, आणि त्याचा आक्षेप असा की भाषा म्हणजे केवळ वस्तूंच्या नावांची यादी नव्हे. आक्षेप रास्त आहे. बोट दाखवून 'भूभू' शिकवता येईल. 'नाही', 'उद्या' किंवा 'म्हणून' कसे दाखवणार? शिवाय पापुआ न्यू गिनीतील कालुली लोक मुलांशी अशी सोपी केलेली बोली बोलत नाहीत, आणि तरीही त्यांची मुले उत्तम बोलू लागतात, असे एलिनॉर ऑक्स व बांबी शिफेलिन यांनी १९८४ साली दाखवून दिले. बाळबोली हे प्रेमाचे लेणे आहे. भाषेचे बीज मुलात आणि त्याच्याभोवतीच्या सर्व बोलण्यात आहे.

त्या बीजाचा पुरावा मुलाच्या 'चुकां'त सापडतो. 'बसला', 'उठला' ऐकणारे मराठी मूल 'केला'ऐवजी 'करला' म्हणते, तेव्हा ते कोणाची नक्कल करत नसते. त्याने नियम शोधून काढलेला असतो. इंग्रजी मुलांना अर्थशून्य, बनावट शब्द देऊन त्यांची अनेकवचने करून घेण्याचा प्रयोग जीन बर्को यांनी १९५८ साली केला, त्याचेही तात्पर्य हेच. रॉजर ब्राऊन यांनी तीन मुलांचे घरातले बोलणे दीर्घकाळ ध्वनिमुद्रित करून १९७३ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. मूल चुकते ते अज्ञानाने नव्हे, तर नियमनिष्ठेने, हा या सर्व संशोधनाचा धडा होय.

आता दुसरी आणि अधिक गंभीर मर्यादा. मुलाची 'चूक' ठरवायची ती कोणत्या भाषेच्या मापाने? केळकरांच्या लेखाच्या शीर्षकात 'मराठी' हा शब्द आहे. पण घरोघरची मराठी एकच नाही. मुंबईच्या उपनगराचे नाव धारण करणारे, पण त्यापासून फार दूर असलेले गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव घ्या. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा शेजारी नांदतात. झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. तेथे 'पाणी' हे 'पानी' असते आणि 'डोळा' हा 'डोरा' असतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर खपून ही बोली तिच्या शब्दांसह आणि नियमांसह अभ्यासाच्या कक्षेत आणली.

दोन मुलांची कल्पना करा. पुण्यातील दोन वर्षांचे मूल 'डोळा'ला 'डोला' म्हणते. 'ळ' अजून त्याच्या जिभेवर बसलेला नाही, वयाबरोबर बसेल. गोरेगावातील त्याच वयाचे मूल 'डोरा' म्हणते. त्याचा उच्चार अपुरा नाही. आजीकडून आला तसा तो शब्द त्याने अचूक उचललेला आहे, आणि 'र' हा मुलांना अवघड जाणारा ध्वनीही साधलेला आहे. परंतु दोघांचे बोलणे टिपून घेणारा अभ्यासक केवळ प्रमाण मराठी जाणत असेल, तर दोन्ही वह्यांत तो एकच शेरा लिहील : 'ळ येत नाही.' पहिल्या मुलाविषयी हा शेरा खरा आहे, दुसऱ्याविषयी अन्यायाचा. मुलांचे बोलणे लिहून काढणे हे वरवर यांत्रिक काम भासते. पण काय लिहावे, काय वगळावे, हे ठरवताना लिहिणाऱ्याचा सिद्धान्त आधीच काम करीत असतो, असे ऑक्स यांनी १९७९ सालीच बजावले होते. घराची बोली ठाऊक नसेल तर वाढीतली चूक आणि वारसा यांतला भेद कळणार नाही, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

हा वारसा किती लवकर कानात उतरतो, याचा पुरावा आपल्याच 'त' आणि 'ट' यांनी दिला आहे. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतील बालकांना हिंदीतील हे दोन ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांना कळेनासा झाला. हिंदी घरांतील बालकांना मात्र तो कळतच राहिला. म्हणजे वर्षाचे होण्याआधीच मुलाचा कान आपल्या घराचा झालेला असतो. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला आळशी जिभेचे म्हणणे म्हणूनच अज्ञानाचे आहे. 'ण' त्याला शाळेत जरूर शिकवावा, पण नवा ध्वनी म्हणून. जुन्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून नव्हे.

राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी अलीकडे मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. बोलीभेदांची नोंद हा त्याचा हेतू. मूल बोली कशी आत्मसात करते हा त्याचा विषय नव्हे. त्या नोंदींचा आधार घेऊन झाडीपट्टीतील, तसेच वसईच्या सामवेदी व वाडवळी घरांतील मुलांचे बोलणे कोणी ऐकेल काय? केळकरांनी दाखवलेला आदर आणि बोरकरांनी दिलेली बोलीची जाण, या दोहोंची तेथे गाठ पडावी लागेल.

तोपर्यंतचे काम मात्र घरांचे आहे. मूल मागे पडेल या भयाने आपल्या अनेक घरांतून आजीची बोली हद्दपार होत आहे. तिच्या जागी आई-वडिलांनाही पुरती न येणारी इंग्रजी बसते. ज्या भाषेत आपल्याला रागावता येते, समजूत काढता येते, गोष्ट सांगता येते, तीच मुलाच्या कानी भरभरून पडावी. शाळेची भाषा तिच्यावर चढेल. तिच्यावाचून चढायला पायरीच उरणार नाही. आणि मुलाने 'डोरा' म्हटल्यावर शेजारच्या सुशिक्षिताने ते सुधारू पाहिले, तर आजीने संकोचू नये. नातवाने शब्द अगदी बरोबर उचलला आहे.